मिंट टाकल्यावर 'नो सिग्नल' – वाचनालयाचा पीसी, खानापूर तालुका

जांबोटीकर
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात एक पीसी आहे. पुण्याला असणाऱ्या गावकऱ्यानं दिलेला, जुना पण चालता. चौथ्या पिढीचा आय-३ (४१५०), एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम, वर जीटी ७१० हे छोटं ग्राफिक्स कार्ड. मॉनिटर १८.५ इंची, निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलवर. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ हा प्रोसेसर घेत नाही. कमिटीच्या बैठकीत 'मग ते फुकटचं लिनक्स टाका' असं ठरलं आणि काम आलं माझ्या गळ्यात.

पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२ (हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपचं) घेतलं. पहिल्या ओळीवर एंटर मारलं की काळं. मेनूतल्या 'कॉम्पॅटिबिलिटी मोड'नं मात्र व्यवस्थित आलं. तसंच इन्स्टॉल केलं, काही तक्रार न करता झालं. रीस्टार्टनंतर बोर्डाचा लोगो दिसतो, मग लगेच मॉनिटरवर 'नो सिग्नल' आणि त्याचा दिवा नारिंगी. पंखा फिरत असतो. विंडोज असताना याच मॉनिटरवर याच केबलनं सगळं दिसत होतं, म्हणून हार्डवेअरला दोष द्यावा असं वाटत नाही. कुठून सुरुवात करू?

निपाणीचा_नाना
रॅम काढून खोडरबरानं घासा ओ. जांबोटीचा पाऊस म्हंजे सोन्याचे पाय पण काळे पडतील. आमच्या दुकानात पावसाळा संपला की हेच करुलालोय आम्ही.

कडोलीकर
नोमोडसेट. ग्रबमध्ये (चालू होताना येणाऱ्या बूट मेनूत) नोमोडसेट टाका, विषय संपला. नेटवर कुठंही बघा, हेच सांगतील.

टर्मिनल_पाटील
नाना, रॅमचे पाय काळे असते तर बहुधा बोर्डाचा लोगोच आला नसता. रॅम राहू दे जागेवर.

कडोलीकर, तुमचं उत्तर बरोबर आहे, पण ते औषध आहे, निदान नव्हे. 'स्क्रीन काळी' या एका तक्रारीत किमान पाच वेगळे आजार असतात. चित्र नक्की कुठपर्यंत येतं आणि कुठं तुटतं ते आधी ठरवू. बोर्डाचा लोगो, मग ग्रबचा मेनू, मग कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःचा ग्राफिक्स ड्रायव्हर चढवतो ती वेळ, मग लॉगिन, मग डेस्कटॉप. यातल्या कुठल्या पायरीवर अंधार झाला त्यावरून गुन्हेगार ओळखता येतो.

जांबोटीकर, एवढं बघून सांगा. बोर्डाचा लोगो गेला की लगेच एस्केप एकदाच दाबा, ग्रबचा मेनू दिसतो का? (दोनतीनदा दाबलंत तर मेनूऐवजी 'ग्रब>' असा ओसाड प्रॉम्प्ट येतो. घाबरू नका, तिथं इंग्रजीत नॉर्मल लिहून एंटर मारा आणि पुन्हा एस्केप.) अंधार झाल्यावर मिनिटभर थांबून कॅप्स लॉक दाबा, कीबोर्डचा दिवा लागतो-विझतो का? आणि शेवटी पॉवरचं बटण एकदा हलकं दाबून सोडा. धरून ठेवायचं नाही. मशीन आपणहून नीट बंद होतं का?

जांबोटीकर
मेनू दिसला. मिंट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, खाली यूईएफआय सेटिंग्ज वगैरे. चित्र स्वच्छ आहे. मिंटवर एंटर मारलं की दोन-तीन सेकंदांत 'नो सिग्नल'.
कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, विझतोय.
पॉवर बटण हलकं दाबलं तर मशीन थोड्या वेळात शांतपणे बंद झालं.

टर्मिनल_पाटील
मग मशीन ठणठणीत आहे. मिंट पूर्ण चढलंय, लॉगिनची पाटी लावून तुमची वाट बघत बसलंय. फक्त चित्र बाहेर येत नाही. पुन्हा इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका. दहातले नऊजण तेच करतात आणि पुन्हा तिथंच येतात.

कॉम्पॅटिबिलिटी मोडमध्ये का दिसलं, तर तो मोड म्हणजेच नोमोडसेट. २००९ च्या सुमारास स्क्रीनचा मोड (रिझोल्यूशन, हर्ट्झ) ठरवायचं काम कर्नलनं स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. त्याआधी ते डेस्कटॉपच्या पातळीवर व्हायचं. नोमोडसेट म्हटलं की कर्नल ते काम सोडून देतो आणि यूईएफआयनं (बोर्डाच्या फर्मवेअरनं) मांडून ठेवलेल्या साध्या चित्रावरच भागवतो. म्हणून दिसतं. पण मग सगळी रंगवारंगवी प्रोसेसरवर पडते, रिझोल्यूशन बदलता येत नाही, दुसरा मॉनिटर लागत नाही, बऱ्याच मशिनींवर स्लीप चालत नाही. तात्पुरतं आत शिरायला उत्तम. कायमचं ठेवायला नाही.

आत शिरायला टायपिंगही नको. ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, त्यातली 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ, मग निळसर मेनूत 'रिझ्यूम'. रिकव्हरीच्या ओळीत नोमोडसेट आधीच असतं.

जांबोटीकर
आलं! डेस्कटॉप दिसतोय. १०२४ बाय ७६८, अक्षरं आडवी ताणलेली. खिडकी सरकवली की मागे सावली ओढत येते. आता ड्रायव्हर मॅनेजर उघडू का? त्यात एनव्हिडियाचा ४७० दिसतोय.

कडोलीकर
टाका टाका. जीटी ७१० केप्लर पिढीचं कार्ड, त्याला ४७० च लागतो. मुळात येणारा नूवो ड्रायव्हर लोकांनी कार्डाचं वागणं बाहेरून बघून-बघून लिहिलाय, जुन्या कार्डावर अडखळतो.

निपाणीचा_नाना
थांबा, टाकायच्या आधी माझं ऐका. दुकानात डीटीपीला एक मशीन आहे, लग्नपत्रिका मराठीत आणि कानडीत दोन्ही लागतात आमच्याकडं. भाच्यानं त्यावर एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला. टाकताना पासवर्ड मागितला, दिला. रीस्टार्टला एक निळी स्क्रीन आली, 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' का काहीतरी, दहा सेकंदांचा काटा उलटा फिरूलालाय. त्यानं 'कंटिन्यू बूट' दाबलं. झालं की वाटोळं. ८०० बाय ६०० वर अडकलं आणि पत्रिकेचा गणपतीच स्क्रीनबाहेर.

टर्मिनल_पाटील
नानांनी सांगितलेलं सोनं आहे, लक्षात ठेवा. सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल सही नसलेला ड्रायव्हर आत घेत नाही. तुमच्या मशीनवर तयार झालेल्या ड्रायव्हरवर तुमच्याच किल्लीची सही असते आणि ती किल्ली फर्मवेअरला ओळखीची करून द्यायला ती निळी स्क्रीन येते. तिथं 'एनरोल एमओके', मग 'कंटिन्यू', मग 'येस', मग इन्स्टॉल करताना दिलेला पासवर्ड. ती संधी हुकली की एनव्हिडियाचा ड्रायव्हर चढत नाही आणि त्याच्या पॅकेजनं नूवोला आधीच बंदी घातलेली असते. दोघांपैकी कुणीच कामावर नाही. म्हणून ८०० बाय ६००.

पण जांबोटीकर, ड्रायव्हरला आत्ता हात लावू नका. ४७० ची शाखा एनव्हिडियानं २०२४ पर्यंतच सांभाळली, पुढच्या कर्नलला ती पुरेल याची खात्री कोण देणार? (त्याही आधीच्या फर्मी कार्डांची ३९० तर २०२२ च्या शेवटी बंद झाली.) वाचनालयातल्या मशीनला कर्नल अपडेट झाला की दरवेळी कुणीतरी दुरुस्तीला येणार का? शिवाय तुमचा आजार नूवोचा आहे हे अजून कुठं सिद्ध झालंय?

आधी मागच्या, म्हणजे अंधार झालेल्या बूटची नोंद वाचू. एकदा नेहमीसारखं चालू करा, काळं होऊ दे, पॉवर बटणानं बंद करा, मग रिकव्हरीतून आत या आणि टर्मिनलमध्ये:

जर्नलसीटीएल -के -बी -१ | ग्रेप -आय डीआरएम

(डीआरएम म्हणजे कर्नलचा ग्राफिक्सचा भाग. फोनवरून देवनागरीत लिहितोय. टाइप करताना सगळी इंग्रजी छोटी अक्षरं, आणि उणे चिन्हाच्या आधी जागा.)

शुभांगी_वडगाव
मध्येच घुसते, माफ करा. माझाही स्क्रीन काळाच, पण लॅपटॉप आहे. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलंय. लॉगिनचा आवाज येतो, पासवर्ड आंधळेपणानं टाकला तरी आत जातंय असं वाटतं. बाहेरचा मॉनिटर एचडीएमआयनं लावला तर त्यावर दिसतं. लॅपटॉपवर काहीच नाही. शहापुरातल्या एका दुकानात दाखवला, ते म्हणाले पॅनल गेलं, बदलावं लागेल.

टर्मिनल_पाटील
ताई, पॅनलला पैसे घालू नका अजून. रात्री खोलीतला दिवा बंद करा, मोबाइलची बॅटरी (टॉर्च) लावा आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर तिरकी मारा. अगदी फिकट डेस्कटॉप दिसतो का?

शुभांगी_वडगाव
अगं बाई! दिसतंय. खालची पट्टी, चिन्हं, सगळं. भुतासारखं.

टर्मिनल_पाटील
म्हणजे चित्र पॅनलपर्यंत पोचतंय, मागचा उजेड बंद आहे. सिस्टमडी (लिनक्स चालू-बंद करणारी यंत्रणा) मशीन बंद होताना ब्राइटनेसचा आकडा लिहून ठेवतं आणि चालू होताना तोच परत लावतं. तो आकडा फार खाली लिहिला गेला की काही पॅनलांवर प्रत्येक वेळी अंधार होऊ शकतो. आधी ब्राइटनेस वाढवायची की दाबून बघा. तिनं झालं तर काम संपलं. नाही झालं तर एचडीएमआय मॉनिटर लावून /सिस/क्लास/बॅकलाइट या फोल्डरमध्ये काय-काय आहे ते बघा. एकाच उजेडावर दोन मालक दिसले, किंवा कीनं आकडा हलतो पण उजेड हलत नाही, तर ग्रबच्या लिनक्सच्या ओळीत शेवटी एसीपीआय_बॅकलाइट=नेटिव्ह असं द्या.

जांबोटीकर
पाटील साहेब, नोंद काढली. बऱ्याच ओळी आहेत. नूवो नाव पुन्हा पुन्हा येतंय, पण लाल काही नाही. शेवटच्या ओळींत एक वाक्य आहे, जसंच्या तसं वाचून लिहितो: 'कॅनॉट फाइंड एनी सीआरटीसी ऑर साइझेस'. हे काय?

टर्मिनल_पाटील
सापडला की हो!

या ओळीचा सरळ अर्थ: ड्रायव्हर चढला, कार्ड ओळखलं, सगळ्या पोर्टांवर हात फिरवला, आणि एकाही पोर्टला मॉनिटर जोडलेला आढळला नाही. म्हणून त्यानं कुठंच चित्र पाठवलं नाही. नूवो मोडलेला नाही. त्याला तुमचा मॉनिटर दिसतच नाहीये.

आता हे कसं. प्रत्येक मॉनिटरच्या पोटात १२८ बाइटांची एक नोंद असते, ईडीआयडी. कंपनी कोण, इंच किती, कुठलं रिझोल्यूशन किती हर्ट्झला झेपतं. स्थळाचा बायोडाटाच म्हणा. ड्रायव्हर आधी तो मागवतो आणि मगच पुढचं बोलतो. व्हीजीए केबलमध्ये लाल-हिरवा-निळा हे रंग वेगळ्या तारांतून जातात आणि ही नोंद वेगळ्या दोन तारांतून येते, १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून. त्या दोहोंतली एक जरी तुटली तरी रंग शाबूत राहतात आणि ओळख पुसली जाते. मग ड्रायव्हर दुसऱ्या मार्गानं, म्हणजे रंगाच्या तारेवर विजेचा भार पडतोय का हे चाचपून, कुणी आहे का ते बघतो. ते कधी जमतं, कधी नाही.

बोर्डाचा लोगो आणि ग्रब मात्र दिसतात, कारण त्या वेळी कार्डातली छोटी फर्मवेअर ओळख मिळाली नाही तरी एक साधा मोड लावून मोकळी होते.

विंडोजचं काय म्हणाल तर, तिथं डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरचं नाव काय यायचं आठवतंय का?

जांबोटीकर
'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. आम्ही समजत होतो जेनेरिक नावाची कंपनी असेल.

टर्मिनल_पाटील
तेच ते. विंडोजलाही बायोडाटा मिळत नव्हता, ते अंदाजानं चालवून घेत होतं. दोष जुनाच आहे, लिनक्सनं तो उघडा पाडला.

खात्री करायला एक चाचणी. ग्रबमध्ये मिंटच्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढं एक जागा सोडून हे लिहा:

व्हिडिओ=व्हीजीए-१:१०२४एक्स७६८@६०ई

व्हिडिओ आणि शेवटचा ई लहान अक्षरांत, व्हीजीए मोठ्या अक्षरांत, आकडे इंग्रजी. मग एफ१०. शेवटचा ई म्हणजे 'या पोर्टाला मॉनिटर आहे असं धरूनच चाल'. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, काही बिघडत नाही. यानं चित्र आलं तर आरोपी केबल किंवा तिची तोंडं.

मास्तर_येळ्ळूर
धागा वाचतोय, छान चाललंय. आमच्या शाळेत उलटा प्रकार. टीव्हीला एचडीएमआयनं मिंट लावलं तर सगळं दिसतं, पण चारी कडा कापलेल्या. खालची पट्टी अर्धी गायब, पोरं माउस नेऊन नेऊन दमली.

टर्मिनल_पाटील
सर, ते लिनक्सचं नाही, टीव्हीचं आहे. जुन्या प्रसारणाच्या सवयीनं टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा छाटतो. टीव्हीच्या रिमोटवरून पिक्चरच्या मेनूत आकार बदला. कुठं 'जस्ट स्कॅन' म्हणतात, कुठं 'स्क्रीन फिट', कुठं 'वन टू वन'. संगणकात काही करू नका.

जांबोटीकर
आलं!! रिकव्हरी नाही, काही नाही, सरळ आलं. आणि खिडकी सरकवली तर सावलीही ओढत नाही. १०२४ बाय ७६८ आहे पण लोण्यासारखं चालतंय.

टर्मिनल_पाटील
सिद्ध झालं. आता मशीन बंद करा, केबल दोन्हीकडून काढा आणि उजेडात धरून पिना बघा. पिनांच्या तीन ओळी, पाच-पाचच्या. रुंद बाजूची ओळ १ ते ५, अरुंद बाजूची ११ ते १५. म्हणजे अरुंद बाजूच्या ओळीत एका टोकापासून दुसरी ती १२ आणि विरुद्ध टोकाची ती १५. मधल्या ओळीत एक पिन मुळातच नसेल तर डोकं लावू नका. ती ९ नंबरची, बऱ्याच केबलींत कंपनीच घालत नाही.

कडोलीकर
कार्डाकडंही बघा. जीटी ७१० च्या छोट्या कार्डात व्हीजीएचं पोर्ट पाटीवर नसतं, पट्टीच्या केबलनं वेगळं जोडलेलं असतं. ती पट्टी अर्धवट निघाली असली तरी असंच होईल.

जांबोटीकर
पट्टी घट्ट आहे, काढून पुन्हा बसवली. केबलच्या मॉनिटरकडच्या तोंडात अरुंद ओळीतली शेवटची पिन आडवी झोपलीय, शेजारणीला चिकटून. कपाट हलवताना केबल खेचली गेली असणार, वाचनालयात दर गणपतीला कपाटं हलतात. सुईनं उभी करायला गेलो तर मुळातून हलूलीय, तुटेल असं वाटलं म्हणून सोडून दिली.

निपाणीचा_नाना
बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचं भोक त्या पिनेवर बसवा आणि हळू उभी करा. सुईपेक्षा ते बरं. पण मूळ हललं असलं तर नव्या केबलीला पर्याय नाही ओ.

कडोलीकर
नवी केबल येईपर्यंत निदान रिझोल्यूशन तरी नीट करून घ्या. टर्मिनलमध्ये सीव्हीटी १३६६ ७६८ ६० द्या, ती मोडलाइन नावाची एक लांबलचक ओळ देईल. तिच्यातला 'मोडलाइन' शब्द सोडून बाकीचं एक्सरॅंडर (स्क्रीनचा मोड बदलायची कमांड) --न्यूमोड पुढं चिकटवा, मग --ॲडमोड व्हीजीए-१ आणि शेवटी --आउटपुट व्हीजीए-१ --मोड. १३६६ मागितलं तरी ती १३६८ देते, ८ नं भाग जाणारा आकडा लागतो तिला. दोन ठिपक्यांनी काही बिघडत नाही.

टर्मिनल_पाटील
चालेल, मिंट एक्सएफसीई एक्सऑर्ग या जुन्या डिस्प्ले यंत्रणेवर चालतं म्हणून. हेच उबंटूच्या वेलँड (नवी डिस्प्ले यंत्रणा) सत्रात करायला जाल तर एक्सरॅंडरनं मोड काही लागत नाही. तिथं ग्रबमधलाच व्हिडिओ= चा मार्ग. आणि रीस्टार्टनंतर या तिन्ही कमांड पुन्हा द्याव्या लागतात, म्हणून मी असल्या कसरतीत वेळ घालवत नाही. केबल बदलणं हेच खरं.

हुक्केरीकर
पाटीलजी, आमच्या सोसायटीत एक छोटा मिनी पीसी आहे, ॲटमवाला, जुना. त्यावर लुबंटू टाकलं. चित्र येतं, वॉलपेपर येतो, पण ना पट्टी ना चिन्हं. माउस उजवीकडं नेला की स्क्रीनबाहेर निघून जातो आणि परत येतो. हा कुठला प्रकार?

टर्मिनल_पाटील
जांबोटीकरांच्या बरोबर उलट. तिथं असलेला मॉनिटर दिसेना, तुमच्याकडं नसलेला दिसतोय. असल्या बोर्डांवर लॅपटॉपच्या पॅनलसाठीचा एलव्हीडीएस जोड असतो, रिकामा. पण फर्मवेअर सांगते पॅनल आहे. इंटेलचा ड्रायव्हर तिच्यावर विश्वास ठेवतो, त्या अदृश्य पॅनललाच मुख्य मानतो आणि तुमची पट्टी, मेनू, सगळं तिकडं नेऊन मांडतो. माउस जातो तो तिथंच. ग्रबमध्ये व्हिडिओ=एलव्हीडीएस-१:डी द्या. इथला डी म्हणजे 'हा जोड बंद'. या रिकाम्या जोडांचा उपद्रव इतका जुना आहे की कर्नलमध्ये असल्या बोर्डांची एक यादीच आहे, तुमचा बोर्ड तीत नसावा.

कायम करायचं तर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश' असलेल्या अवतरण चिन्हांच्या आतच ते लिहा, सेव्ह करा आणि सुडो अपडेट-ग्रब. अवतरण चिन्ह बंद करायचं राहिलं तर अपडेट-ग्रब तिथंच चूक दाखवून थांबतं, ती वाचा, रेटू नका.

शुभांगी_वडगाव
नेटिव्हनं काम झालं! की दाबली की उजेड हलतोय. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, 'मग सॉफ्टवेअरचं होतं होय'. पाटील दादा, कुंदा घेऊन येऊ का?

टर्मिनल_पाटील
ताई, कुंद्याला नाही कोण म्हणतो. हे पण ग्रबच्या फाइलमध्ये कायम करा, नाहीतर पुढच्या रीस्टार्टला पुन्हा बॅटरी शोधाल.

जांबोटीकर
अपडेट. दूध डेअरीच्या सचिवांकडून त्यांच्या मॉनिटरची केबल तासाभरासाठी आणली. डेअरीत संध्याकाळचं संकलन सुरू व्हायच्या आत परत द्यायची होती. लावली, ग्रबमध्ये काहीही न लिहिता चालू केलं. लोगो, लॉगिन, डेस्कटॉप, सगळं आपोआप १३६६ बाय ७६८. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये मॉनिटरच्या कंपनीचं नाव पण आलं, पहिल्यांदाच. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलेला नाही, नूवोवरच आहे. बेळगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं निरोप दिलाय, गणपत गल्लीतून नवी केबल येईल.

एक प्रश्न राहिला. कार्ड ठेवू की काढू? प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे म्हणतात.

टर्मिनल_पाटील
४१५० मध्ये इंटेलचं एचडी ४४०० आहे. वाचनालयाचं रजिस्टर, पोरांचे फॉर्म, थोडे व्हिडिओ एवढ्याला ते भरपूर. मी असतो तर कार्ड काढून बोर्डाच्या व्हीजीएवर लावलं असतं. इंटेलचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, सही-बिहीची कटकट नाही, आणि यूपीएसवर लाईट गेल्यावर थोडी जास्त वेळ तग धरेल. फक्त कार्ड काढायच्या आधी बायोसमध्ये जाऊन 'प्रायमरी डिस्प्ले' ऑटोवर किंवा आयजीएफएक्सवर (म्हणजे आतल्या ग्राफिक्सवर) आहे ना बघा. आणि कार्ड आत असताना केबल बोर्डाला लावून 'चित्र येत नाही' म्हणू नका. कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स बंद ठेवतात.

ज्यांच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ आहे त्यांनी हे वाचून कार्ड उपटू नये. त्यात आतलं ग्राफिक्स नसतंच.

निपाणीचा_नाना
मग ते कार्ड आमच्याकडं पाठवा ओ, डीटीपीला एक जादा असलेलं बरं. एमओके का काय ते आता पाठ झालंय.

जांबोटीकर
कमिटीला विचारून सांगतो नाना. मालमत्ता वाचनालयाची आहे, नोंदवहीत 'ग्राफिक कार्ड नग १' असं चढलंय.

आणखी एक, हे डिस्प्लेचं नाही. अर्धे फॉर्म कानडीत भरावे लागतात, बाकी सगळं मराठीत. एकाच मशीनवर दोन्ही कीबोर्ड बसतील ना?

टर्मिनल_पाटील
बसतात. सेटिंगमध्ये कीबोर्ड लेआउटमध्ये दोन्ही भाषा घाला, इन्स्क्रिप्टची रचना दोन्हीला सारखीच आहे, 'क' मराठीतही त्याच बटणावर आणि कानडीतही. नुडीत (कानडी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या जुन्या फाइली उघडायच्या असतील तर मात्र ते वेगळं प्रकरण, त्याला नवा धागा काढा. इथं आता हुक्केरीकरांचं उत्तर यायचं राहिलंय.

हुक्केरीकर
आलो. डी टाकलं, पट्टी हजर. माउस आता भिंतीला धडकतोय.